‘पाय घसरला’

दिव्याहून रोह्याकडे जाणारी गाडी पेण, कासू, नागोठणं करत निडीला येते. स्टेशन लहान, उतरणारी माणसं मोजकी. पुढचं स्टेशन रोहा. निडीला बैठक ठेवण्यामागे आमचा काही थोर विचार नव्हता. नागोठण्याकडच्या आणि रोहा-अष्टमीकडच्या बायकांना ते मध्ये पडतं, आणि परतीची गाडी धरून संध्याकाळच्या स्वयंपाकाला घरी पोचता येतं, एवढंच. विषय होता २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा. आगरी, कुणबी, मराठा बायका होत्या, दोघी कातकरी होत्या, आणि सात-आठजणी कोकणी मुसलमान घरांतल्या.

कायद्यावरून बोलणं मारहाणीवर गेलं आणि मारहाणीवरून, नेहमी जातं तसं, ‘जिवाचं बरंवाईट’ करून घेतलेल्या बायकांवर. प्रत्येकीकडे एक तरी हकिगत होती. शेजारची सून, मावसबहीण, वर्गातली मैत्रीण. मुसलमान बायकांच्या बाजूनं मात्र कोणी काही बोलेना. शेवटी त्यांच्यातल्या सर्वांत वयस्कर खाला म्हणाल्या, “आमच्यात असं होत नाही. हराम आहे ते.” त्यावर वाद कोण घालणार? आम्ही पुढच्या मुद्द्याकडे वळलो.

चहाच्या वेळी त्याच खाला माझ्या शेजारी येऊन बसल्या. कपातला चहा बशीत ओतला आणि बशीकडेच बघत बोलू लागल्या. त्या तीसेक वर्षं बायकांना गुसल देतात, म्हणजे दफनाआधी मृत बाईला अंघोळ घालतात. बाईचं गुसल बाईनंच द्यायचं असतं. काही वर्षांपूर्वी त्यांनी एका पोरीला अंघोळ घातली. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, नवरा आखातात. गावात सगळीकडे सांगितलं गेलं की पाय घसरला. कागदावरही तेच लागलं. “पाय घसरून मेलेल्या बाईच्या अंगावर जुने वळ नसतात,” खाला म्हणाल्या. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, “मी बोलले नाही. बोलले असते तर तिची नमाज अडली असती.”

गावाचं नाव मी लिहीत नाही. ते निडी नाही, एवढंच सांगते. मात्र खालांच्या त्या दोन वाक्यांमध्ये जी कोंडी आहे, तिच्याविषयी हे संपादकीय आहे.

कोंडी अशी. मृत्यू आत्महत्येचा आहे असं म्हटलं, तर मोहल्ल्यात कुजबुज सुरू होते: जनाज्याची नमाज पढायची की नाही, मौलाना पढवतील की नाही, कबरस्तानात जागा कुठे द्यायची. पोरीच्या आई-बापांना हे ऐकायचं नसतं. पोर गेली ती गेली, निदान मातीला तरी नीट लागू दे, हीच त्यांची त्या घडीची इच्छा असते. ‘पाय घसरला’ म्हटलं की सगळं सुरळीत होतं. नमाज होते, दफन होतं, फातिहा होतो. पोलिसांचंही काम हलकं होतं. आणि ज्या घरात ती पोर दीड वर्ष राहिली, त्या घराला कुणी काही विचारत नाही. तिला जनाजा मिळतो आणि त्याच्या मोबदल्यात सासरला सुटका मिळते. सौदा कुणी बोलून केलेला नसतो. पण होतो.

कायदा काय सांगतो ते आपल्या कार्यकर्त्यांना पाठ आहे, तरी नव्या मैत्रिणींसाठी थोडक्यात सांगते. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाईनं आत्महत्या केली किंवा तिच्या मृत्यूविषयी वाजवी संशय असला तर शवचिकित्सा टाळता येत नाही. सासरी क्रूरपणे वागवलं जात होतं हे दाखवता आलं, तर आत्महत्येला प्रवृत्त केल्याचं न्यायालय गृहीत धरू शकतं. ही तरतूद १९८३ साली पुराव्याच्या कायद्यात आली. त्याच वर्षी ४९८अ आलं, १९८६ साली ३०४ब. जुलै २०२४पासून कायद्यांची नावं आणि कलमांचे आकडे बदलले, पण या तरतुदी नव्या संहितांमध्येही आहेत. आणि त्या सर्व धर्मांच्या बायकांना लागू आहेत. हे मुद्दाम लिहिते, कारण ‘मुसलमानांचा कायदा वेगळा’ हे वाक्य पोलीस ठाण्यात आजही कानावर पडतं. निकाह, तलाक, वारसा यांचा कायदा वेगळा आहे. मारहाणीचा आणि मरणाचा नाही.

हे सगळं मृत्यूचं नाव काय लिहिलं जातं यावर अवलंबून आहे. ‘अपघात’ लिहिलं की सात वर्षांची अट, गृहीतक, शवचिकित्सा, सगळ्यांवर बोळा फिरतो. आपल्या चळवळीला ही गोष्ट नवी नाही. १९८०च्या सुमाराला स्टोव्हचे भडके फक्त सुनांच्याच पदराला कसे लागतात, असा प्रश्न आपण रस्त्यावर उतरून विचारला होता. पुण्याच्या मंजुश्री सारडा खटल्यात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयानं आरोपीला सोडलं, कारण तिनं आत्महत्या केली नसेलच असं खात्रीनं म्हणता येत नाही. तेव्हा ‘आत्महत्या’ हा शब्द नवऱ्याच्या कामी आला. इथे ‘आत्महत्या नव्हे’ हे शब्द येतात. शब्द कोणताही असो, कामी कुणाच्या येतो ते बघायचं.

आता धर्म खरंच काय म्हणतो? आम्ही आलिमा नाही आणि फतवे काढायची हौसही नाही. पण एखादी गोष्ट धर्माच्या नावानं बाईवर लादली जात असेल, तर निदान वाचून तरी बघावी, हे हमीद दलवाईंच्या महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको. (दलवाई कोकणातलेच, चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांच्यासोबत सात मुसलमान बायका तोंडी तलाकविरुद्ध मुंबईच्या विधानभवनावर गेल्या. सातच होत्या. आपल्या मोर्च्याला माणसं कमी आली म्हणून हिरमुसणाऱ्या मैत्रिणींनी हा आकडा लक्षात ठेवावा.)

आत्महत्येला मनाई आहे असं सांगताना बहुतेक मौलाना सूरह निसामधल्या २९व्या आयतीचा दाखला देतात. निसा म्हणजे स्त्रिया. त्या आयतीत स्वतःचा, किंवा काही भाष्यकारांच्या मते एकमेकांचा, जीव घेण्याची मनाई आहे. पण आयत तिथे सुरू होत नाही. तिची सुरुवात होते ती एकमेकांचा माल गैरमार्गानं खाऊ नका या बजावणीनं, आणि शेवट होतो अल्लाह दयाळू आहे या आठवणीनं. पोरीच्या बापाकडून फर्निचर, मोटरसायकल आणि आखाताच्या व्हिसाचा खर्च काढणाऱ्या जावयानं या आयतीचा पहिला भाग कधी ऐकला आहे का? मशिदीतल्या प्रवचनातून मधलाच तुकडा तेवढा बाहेर येतो. आधी लूट, मग जीव आणि शेवटी दया, हा क्रम हरवतो. मी भाष्यकार नाही, पण क्रम दिसतो तो दिसतो.

त्याच सूरहमध्ये पुढे १२९वी आयत आहे. अनेक बायका करणाऱ्या पुरुषाला तिथे बजावलेलं आहे की एकीकडेच पुरता झुकून दुसरीला लटकत ठेवू नकोस. लटकत ठेवलेली! आपण मराठीत ‘टाकलेली’ म्हणतो, कायद्याच्या भाषेत ‘परित्यक्ता’ म्हणतो, पण नांदवायचंही नाही आणि मोकळंही करायचं नाही या अवस्थेला याहून नेमका शब्द मला ठाऊक नाही. रोहा, म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड या पट्ट्यात अशा बायका घरोघर नसल्या तरी मोहल्लोमोहल्ली आहेत. पूर्वी पुरुष बोटीवर जात, मुंबईच्या गोदीत जात, मग आखातात जाऊ लागले. नवरा दोन वर्षांनी महिना-दीड महिना येतो. पैसे सासऱ्याच्या खात्यावर येतात. पत्रांच्या काळात बाईची पत्रं सासरचे आधी वाचत, आता फोनवर बोलताना सासू शेजारी बसते. सगळेच नवरे वाईट नसतात, आणि वाळवंटात राबणाऱ्या या पुरुषांचे हालही आम्हाला दिसतात. तिकडच्या लेबर कॅम्पांमध्येही माणसं खचतात आणि त्यांचे मृत्यूही ‘हार्ट अटॅक’च्या नावाखाली मायदेशी येतात अशी कुजबुज आपण ऐकतो. पण ज्या घरात नवराच नाही त्या घरात वीस वर्षांची पोर कुणासाठी राहते, हा प्रश्न निकाह ठरवताना कुणी विचारत नाही. तिथून तिला बाहेर पडायचं असेल तर? १९३९च्या कायद्यानं तिला न्यायालयातून फारकत मागता येते, खुला मागता येतो. पण माहेरची पायरी चढली की आई म्हणते, सबर कर. सबर हा शब्द किती पोरींच्या वाटेवर आडवा पडला आहे, याची मोजदाद कुणीच ठेवलेली नाही.

जनाज्याच्या नमाजेकडे परत येते, कारण खालांचं तोंड त्या भीतीनं बंद झालं. हदीसमध्ये एक प्रसंग आहे: आत्महत्या केलेल्या एका माणसाची नमाज पैगंबरांनी स्वतः पढली नाही. त्यावर धर्मशास्त्र्यांनी बराच खल केला. खलिफा उमर बिन अब्दुल अझीझ आणि इमाम औझाई यांचं मत नमाज पढू नये असं होतं. पण मालिक, अबू हनीफा, शाफई आणि बहुसंख्य विद्वानांचं मत, नमाज पढावी असंच आहे. पैगंबरांचं न पढणं हे लोकांना जरब बसावी म्हणून होतं, इतरांनी पढू नये म्हणून नव्हे, असा अर्थ तेराव्या शतकातले शाफई पंथाचे मोठे विद्वान इमाम नववी यांनी नोंदवून ठेवला आहे. आणि कोकणी मुसलमान कोणत्या पंथाचे? शाफईच! म्हणजे ज्या भीतीपोटी कोकणातल्या त्या मोहल्ल्यात पाय घसरवला गेला, ती भीती त्यांच्याच पंथाच्या किताबांनी सातशे वर्षांपूर्वी निकालात काढलेली आहे. तिची नमाज अडायला नको होती. खालांना गप्प बसायची गरज नव्हती. हे त्यांना तीस वर्षांत कुणीच सांगितलं नाही, कारण या चर्चा जिथे होतात तिथे बायका नसतात. नमाजेच्या रांगेत त्या नसतात, कबरस्तानात नसतात, जमातीच्या बैठकीत नसतात. मृत बाईच्या सर्वांत जवळ शेवटचा तास जी असते, जिला तिच्या अंगावरचं सगळं दिसतं, तिचं मत मात्र कुणी विचारत नाही.

आणखी एक हदीस आहे, ती प्रवचनात क्वचितच ऐकू येते. तुफैल बिन अम्र यांच्यासोबत मदिनेला आलेला एक माणूस आजारपणाचा त्रास सहन न होऊन स्वतःला इजा करून घेतो आणि मरतो. तुफैल त्याला स्वप्नात पाहतात. त्याला माफी मिळालेली असते, पण हात झाकलेले असतात. हे ऐकल्यावर पैगंबर त्या हातांनाही क्षमा कर म्हणून दुआ मागतात. सहीह मुस्लिममधला हा प्रसंग आहे. जहन्नमच्या आगीचं वर्णन करताना ज्यांचा आवाज चढतो, त्यांनी कधीतरी याही प्रसंगाला आवाज द्यावा, अशी आमची नम्र विनंती आहे.

तर मग मनाईचा काहीच उपयोग होत नाही का? होतो, असं म्हणायला आधार आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानं २०१४ साली आत्महत्यांची धर्मवार नोंद केली, पण छापली नाही. माहितीच्या अधिकारात २०१६ साली ती बाहेर आली. लाखामागे आत्महत्यांचं प्रमाण हिंदूंमध्ये ११.३, ख्रिश्चनांमध्ये १७.४, मुसलमानांमध्ये ७ आणि शिखांमध्ये ४.१. देशाचं प्रमाण १०.६. खालांचं ‘आमच्यात असं होत नाही’ हे अगदीच हवेतलं नाही. जी बाई रात्री अंधारात उठून बसते आणि ‘हराम आहे’ एवढ्या एका शब्दावर सकाळपर्यंत तग धरते, तिचा तो आधार आम्ही कोण काढून घेणार? आमच्यातल्या नास्तिक मैत्रिणींनाही हे कबूल आहे. जी धर्मपरंपरा बाईच्या जिवंत जळण्याला ‘सती’ म्हणून देवळं बांधते (१९८७ सालच्या देवराळ्याला फार वर्षं झालेली नाहीत) तिच्यापेक्षा बाईला ‘जीव देऊ नकोस’ म्हणणारी परंपरा बरी, हे म्हणायलाही आम्ही कचरत नाही.

पण ७ हा आकडा नोंदवलेल्या मृत्यूंचा आहे. नोंदच ‘पाय घसरला’ अशी झाली, तर? एका वर्षाच्या, एकदाच केलेल्या आणि सरकारनं स्वतः न छापलेल्या मोजणीवर किती भार टाकायचा? डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं की २०१०मध्ये भारतात सुमारे १ लाख ८७ हजार माणसांनी आत्महत्या केली असावी, आणि पोलिसांकडे नोंद होती सुमारे १ लाख ३५ हजारांची. गळती बायकांच्या बाबतीत पुरुषांपेक्षा जास्त होती. सगळ्याच धर्मांतल्या बायकांचं मरण कमी मोजलं जातं. जिथे आत्महत्येला पापाची आणि नमाज अडण्याची भीती चिकटलेली आहे तिथे ते आणखी कमी मोजलं जात असणार, असं आम्हाला वाटतं. मनाई जीव वाचवते आणि मनाईच मरण लपवते. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

धर्म आणि आत्महत्या म्हटलं की समाजशास्त्रवाले १८९७च्या दुर्खीमचं नाव घेतात. प्रोटेस्टंट जास्त मरतात, कॅथलिक कमी, कारण ज्या समाजात माणसं एकमेकांना धरून असतात तिथे आत्महत्या कमी, असा त्याचा सिद्धांत. तो सगळे शिकवतात. पण अतिरेकी बंधनांखाली, सगळे रस्ते बंद झाल्यावर होणाऱ्या आत्महत्येचाही एक प्रकार त्यानं सांगितला होता आणि त्याच्या उदाहरणांत मूल नसलेल्या विवाहित बाईचं नाव होतं. हे त्यानं कुठे सांगितलं? पुस्तकाच्या तळटीपेत. बाईला तळटीपेत बसवायची खोड फक्त मौलानांनाच आहे असं नाही.

बंधन किती घट्ट होऊ शकतं याचं टोकाचं उदाहरण तुर्कस्तानातलं आहे. बात्मान शहर आणि आसपासच्या भागात तरुण मुलींच्या आत्महत्या वाढल्या, तेव्हा २००६ साली संयुक्त राष्ट्रांच्या वतीनं याकिन एर्तुर्क या तुर्की समाजशास्त्रज्ञ बाईच तिथे चौकशीला गेल्या. काही आत्महत्या म्हणजे इभ्रतीपायी केलेले खून असू शकतात, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. तिथेही शब्दांचाच खेळ, फक्त उलटा. आपल्याकडे आत्महत्येला अपघात म्हणतात, तिथे खुनाला आत्महत्या. धर्म तोच, मनाई तीच. म्हणून ‘इस्लाममध्ये’ बाई का मरते किंवा का मरत नाही, असा प्रश्न विचारला तर उत्तर सापडत नाही. कोणत्या घरात, कोणत्या मोहल्ल्यात, कुणाच्या ताब्यात, हे विचारावं लागतं.

हेच आपल्या राज्यातल्या एका मृत्यूनंही दाखवलं. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी गेली. स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती, जळगावकडची, तडवी भिल्ल समाजातली. तडवी हे मुसलमान धर्म पाळणारे आदिवासी. तिच्या मृत्यूमागे जातीवरून झालेला छळ होता, असा तिच्या घरच्यांचा आरोप आहे. तिच्या आईनं, आबेदा तडवी यांनी, लेकीच्या मृत्यूला पाय घसरू दिला नाही. त्या रस्त्यावर बसल्या, आणि त्याच वर्षी रोहित वेमुलाच्या आई राधिका यांच्यासोबत उच्च शिक्षणातल्या जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मुसलमान बाई म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बुरखा आणि तलाक एवढंच येतं. ती डॉक्टर असू शकते, आदिवासी असू शकते, आणि तिला खचवणारी गोष्ट मशिदीत नव्हे तर दवाखान्यात असू शकते, हे आपल्याही लक्षात राहत नाही.

फेब्रुवारी २०२१मध्ये अहमदाबादला साबरमतीच्या काठी एका तरुण विवाहितेनं जाण्याआधी मोबाइलवर निरोप ठेवला. हुंड्याचा छळ होता. देशभर तो निरोप फिरला. त्यानंतर मशिदींमधून हुंड्याविरुद्ध बोललं गेलं, आणि मार्चमध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं साध्या, हुंड्याविना निकाहाची मोहीम काढली. २०२२मध्ये अहमदाबादच्या न्यायालयानं तिच्या नवऱ्याला दहा वर्षांची सजा दिली. बापानं मरणाला मरणाचं खरं नाव दिलं म्हणून हे झालं. पण मैत्रिणींनो, एक कळकळीची विनंती. तो निरोप तुमच्या फोनमध्ये अजून असेल तर पुढे पाठवू नका. हसत बोलणारी ती पोर बघून दुसऱ्या पोरीला वाटू शकतं की मेल्याशिवाय आपलं कुणी ऐकणार नाही. जी जिवंत आहे आणि रडतेय, तिचं बोलणं देशभर का फिरत नाही?

जिवंत असलेल्यांकडे येऊ. प्रत्येक मृत्यूमागे वाचलेल्या कितीतरी बायका असतात आणि त्यांच्याशी आपली जास्त गाठ पडते. रोह्याच्या किंवा पेणच्या सरकारी दवाखान्यात आणलेली बाई जबाब देते तेव्हा उशाशी सासू उभी असते. वर्षानुवर्षं ३०९ कलमाची धास्ती होती: जीव द्यायचा प्रयत्न केला तर वर्षभराची सजा. मुंबई उच्च न्यायालयानं ते कलम १९८६मध्ये मारुती दुबळ खटल्यात रद्द ठरवलं, सर्वोच्च न्यायालयानं १९९४मध्ये तेच म्हटलं आणि १९९६मध्ये पुन्हा उलट फिरवलं. या खेळात बाईनं आणि घरच्यांनी एकच शिकून ठेवलं: ‘चुकून झालं’ असं सांगायचं. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा मे २०१८पासून लागू झाला. त्यानुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं मानलं जातं, तिच्यावर खटला नाही, आणि तिची काळजी घेणं हे सरकारचं काम आहे. नव्या न्याय संहितेत तर ३०९ सरसकट राहिलेलंच नाही. पाकिस्ताननंसुद्धा डिसेंबर २०२२मध्ये तसलं कलम काढलं; इस्लामचं राज्य म्हणवणाऱ्या देशाला ते धर्माविरुद्ध वाटलं नाही. ही बातमी आपल्या किती दवाखान्यांतल्या हवालदारांपर्यंत पोचली आहे, ते तुम्हीच बघून लिहा.

दर्ग्यांचं काय? अंगात येतं, झोप लागत नाही, रडू थांबत नाही अशा बायका मानसोपचाराकडे नंतर आणि दर्ग्याकडे आधी जातात, हिंदू बायकाही. ऑगस्ट २००१मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीच्या दर्ग्याजवळ साखळीनं बांधलेली २८ माणसं आगीत गेली. त्यानंतर असल्या सगळ्या जागा बंदच करा, असं म्हणणारे पुष्कळ निघाले. पुण्यात बापू ट्रस्ट उभा करणाऱ्या भार्गवी दावर यांनी मात्र महाराष्ट्रातल्या दर्ग्यांमध्ये जाऊन, बायकांशी बोलून, २००९ साली वेगळं लिहिलं: बाईला घराबाहेर बसता येतं, रडता-ओरडता येतं, कुणी तिला वेडी म्हणत नाही, अशी ती एक जागा असते. साखळी नको, हे ठाम. पण दर गुरुवारी तीन तास घराबाहेर काढण्याची तिची सबब आम्ही काढून घेणार नाही. त्या तीन तासांत तिच्याशी बोलायला आपल्यातली कुणी तिथे असावी.

एका भीतीबद्दलही बोललं पाहिजे, कारण संपादक मंडळात त्यावर दोन बैठका गेल्या. मुसलमान बायकांच्या मरणाविषयी आपण लिहिलं की ते कुणाच्या हाती लागेल? तोंडी तलाकचा निकाल २०१७ला आला, कायदा २०१९ला झाला, आणि मुसलमान बायकांविषयी एकाएकी उमाळा आलेली किती माणसं आपण पाहिली! त्यातल्या कुणी रोह्यातल्या एका टाकलेल्या बाईला पोटगी मिळवून दिल्याचं ऐकिवात नाही. ही भीती खरी आहे. पण गप्प बसून कुणाचं भलं झालं? २०२२ साली देशात ४८ हजारांवर बायकांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त, २५,३०९, ‘गृहिणी’ या रकान्यात होत्या. त्याच वर्षी सर्वांत जास्त आत्महत्या महाराष्ट्रात नोंदल्या गेल्या. त्या रकान्याला धर्म नाही, आणि म्हणून आपण हा विषय मुसलमान बायकांचा ‘वेगळा’ प्रश्न म्हणून मांडत नाही. निडीच्या बैठकीत आगरी बाईनं सांगितलेली हकिगत आणि खालांनी सांगितलेली हकिगत यांत फरक एवढाच होता की पहिली सर्वांसमोर सांगितली गेली आणि दुसरी चहाच्या बशीकडे बघत.

त्या दिवशी परतीच्या गाडीला अजून वेळ होता. मी खालांना शाफई पंथाच्या मताविषयी सांगितलं, नववींचं नाव सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, “किताबात आहे?” आहे म्हटलं. मग बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या की त्यांच्या ओळखीत गुसल देणाऱ्या आणखी तिघी आहेत, एक नागोठण्याची, दोघी अष्टमीच्या, त्यांना पुढच्या वेळी घेऊन येते. मौलानांना मी विचारते, असंही म्हणाल्या. ते काय म्हणाले ते पुढच्या अंकात.

तोवर तुमच्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. तुमच्या भागात गुसल देणाऱ्या, प्रेताला शेवटची अंघोळ घालणाऱ्या बायका कोण, कोणत्याही धर्माच्या, हे विचारा. त्यांच्याशी बोला, नावं न लिहिता आम्हाला कळवा. आणि सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२पासून आहे, फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं. तो तुमच्या बचत गटाच्या पासबुकाच्या आतल्या पानावर लिहून ठेवा. तिथे सासू बघत नाही.